जागेवर परतलेली वाटी

गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा ती बहुधा काही क्षणच जागेबाहेर राहते. वेदनेने कळवळणारा खेळाडू पाय लांब करतो आणि पाय लांब होताच वाटी आपोआप खोबणीत परतते. मैदानाच्या कडेचे शिक्षक धावत पोहोचेपर्यंत समोर असतो तो सुजू लागलेला, पण आकाराने सरळ दिसणारा गुडघा, आणि ‘काहीतरी बाहेर आले होते’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगणारे एक घाबरलेले मूल. उत्तर गोव्यात शाळकरी आणि गावपातळीवरच्या खेळाडूंबरोबर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना या दुखापतीइतका विचार दुसऱ्या कोणत्याही दुखापतीने मला करायला लावलेला नाही, कारण जिच्यावरून निदान करायचे ती गोष्ट तपासणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मिटून गेलेली असते. मागे उरते ती सूज, खेळाडूने सांगितलेली हकिकत आणि त्याच्या मनात बसलेली भीती. आपल्या मैदानांवर भीतीला सर्वांत कमी किंमत आहे. ती रागावून घालवायची गोष्ट मानली जाते. या दुखापतीत मात्र निदानापासून पुनरागमनापर्यंत तिच्याइतके खरे बोलणारे दुसरे लक्षण क्वचितच सापडते, असे माझे मत होत गेले आहे.

कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, रुजलेल्या हाडांपैकी वाटी हे शरीरातील सर्वांत मोठे हाड. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ओढ नडगीपर्यंत पोचवताना ती विहिरीच्या कप्पीसारखी त्या कंडरेला सांध्यापासून थोडे उचलून धरते, आणि त्यामुळे तेवढ्याच ताकदीत पाय अधिक जोराने सरळ होतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला तिच्यासाठी एक खोबण असते, पण पाय पूर्ण सरळ असताना ती त्या खोबणीच्या वरच्या बाजूला, जवळजवळ मोकळी असते. गुडघा 20 ते 30 अंश वाकला की ती खोबणीत नीट शिरते आणि मग हाडाच्या दोन्ही कडा तिला सांभाळतात. म्हणून खोल उकिडव्या बसलेल्या खेळाडूपेक्षा जवळजवळ ताठ पायावर वळणाऱ्या खेळाडूला धोका अधिक असतो. या पहिल्या काही अंशांत वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवण्याचे काम मुख्यतः एका पातळ अस्थिबंधाकडे असते. डॉक्टर मंडळी त्याला एमपीएफएल म्हणतात. वाटीला बाहेर सरकू न देण्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा या एकट्याचा असतो, आणि तरी प्रयोगशाळेत तो सुमारे 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलो वजनाइतक्या ओढीला तुटतो. खेळाडूची मांडी धावताना याच्या कितीतरी पट जोर लावत असते. पहिल्यांदा वाटी निसटते तेव्हा हा बंध बहुतेक सर्व रुग्णांत फाटलेला किंवा ताणून सैल झालेला आढळतो.

पाऊल जमिनीत रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि आत झुकलेला, मांडी आतल्या दिशेने वळणारी आणि त्याच क्षणी पुढचे स्नायू आवळले गेलेले, अशा स्थितीत वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. कोणाचा धक्का लागावाच असे नाही. गोव्यात शालेय फुटबॉलचे सामने ऐन पावसाळ्यात खेळले जातात. लाल चिखलात बुटाचे खिळे रुततात, पाऊल अडकून राहते आणि धड मात्र चेंडूच्या मागे फिरते. भातकापणीनंतर कोरड्या पडलेल्या शेतांत अनवाणी खेळणारी मुले पडतात, खरचटतात, पण पाऊल असे अडकण्याची वेळ त्यांच्यावर कमी येते. कबड्डीत मातीच्या जागी मॅट आल्यापासून बुटाची पकड घट्ट बसू लागली आहे. खो-खोत खांबाला हात घालून एका पायावर वळसा घेणे ही तर या दुखापतीसाठी जुळवून आणलेली हालचाल वाटावी. 2023 साली 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, आणि तेव्हापासून गावातल्या मुली या दोन खेळांकडे अधिक वळताहेत असे मला जाणवते. त्यांच्याबरोबर गुडघेही माझ्याकडे येऊ लागले आहेत.

डिचोली तालुक्यातील एक खो-खोपटू मुलगी आईबरोबर आली तेव्हा आईने दारातच सांगितले, “डॉक्टर, धोंपर भायर सरलें म्हणटा ती, पूण आमी पळयलें तेन्ना सारकें आशिल्लें.” (गुडघा बाहेर सरकला असे ती म्हणते, पण आम्ही पाहिले तेव्हा तो ठीक होता.) मुलगी खाली बघत होती. आपण खोटे बोलतो आहोत असा सगळ्यांचा समज झाला आहे, हे तिला कळले होते. मी तिला नेमके काय दिसले ते विचारले, तेव्हा ती म्हणाली की वाटी आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे गेली होती. आता वाटी आतल्या बाजूला जवळजवळ कधीच सरकत नाही. एखाद्या घाईतल्या तपासणाऱ्याने एवढ्यावरूनच तिचे म्हणणे खोडून काढले असते. खरे असे की वाटी बाहेर सरकली की मांडीच्या हाडाचे आतले टोक उघडे पडते आणि त्वचेखाली एखाद्या गोळ्यासारखे पुढे येते. पाहणाऱ्याला तोच गोळा वाटी वाटतो. त्यामुळे ‘आत गेली’ हे वर्णन वाटी बाहेर गेल्याचीच खूण असते, आणि असे काही मनाने रचून सांगणे एका शाळकरी मुलीला जमणारे नाही. हकिकत शांतपणे ऐकून घेणे याला मी सौजन्य समजत नाही, तो तपासणीचा भाग आहे.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण बोलण्यात ‘गुडघा निखळला’ हा एकच शब्दप्रयोग दोन्हींसाठी वापरला जातो. वाटी सरकणे वेगळे आणि मांडीचे हाड व नडगी यांचा सांधाच निखळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गुडघ्यामागची मोठी रोहिणी, म्हणजे पायाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी, इजा पावू शकते आणि काही तासांत पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पाऊल थंड किंवा फिकट पडले, बोटांत संवेदना नसली किंवा संपूर्ण गुडघाच वेडावाकडा दिसला तर कोणीही हात न लावता 108 बोलवावी, मग सांधा परत जागेवर आल्यासारखा दिसत असला तरीही.

वाटी जागेवर परतल्यानंतरच्या गुडघ्याची गल्लत मुख्यतः होते ती गुडघ्याच्या आतल्या पुढच्या क्रूसबंधाच्या, म्हणजे एसीएल नावाच्या अस्थिबंधाच्या, दुखापतीशी. दोन्हींत खेळाडू वळतो, दोन्हींत ‘फट्’ असा आवाज झाल्याचे सांगतो आणि दोन्हींत गुडघा काही तासांत रक्ताने भरतो. बोटाने चाचपताना वेदना कुठे आहे हे येथे कामाला येते: वाटी सरकली असेल तर दुखते ते वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर, जिथे तो फाटलेला बंध दोन्ही टोकांना चिकटलेला असतो. आणि त्यानंतर येते ती भीतीची चाचणी. इंग्लंडमधील अस्थिशल्यविशारद फेअरबँक यांच्या नावाने ती 1930च्या दशकापासून ओळखली जाते. रुग्णाला आडवे करून, गुडघा किंचित वाकवून, मांडी सैल सोडायला सांगायची आणि अंगठ्यांनी वाटी अगदी हळू बाहेरच्या दिशेला ढकलायची. ज्याची वाटी एकदा निसटली आहे तो दुखण्याची वाट पाहत नाही. तो तुमचे मनगट धरतो, मांडी आवळतो, पाय लांब करू पाहतो. “दुखते” असे तो म्हणत नाही. “नको, जाईल” असे म्हणतो. या दोन उत्तरांत फार अंतर आहे, आणि ते ऐकू येण्यासाठी खोलीत दुसऱ्या कोणी बोलत नसलेले बरे, विशेषतः “घाबरतेस काय” असे विचारणाऱ्या काका-मामांनी. ताज्या, टम्म फुगलेल्या गुडघ्यावर ही चाचणी जोर लावून करण्याची गरज नसते. अंगठे वाटीला टेकताक्षणी मूल दचकले तरी पुरेसे असते.

एक्स-रे काढावा लागतो, आणि तो नेहमीच्या दोन बाजूंनी काढून पुरत नाही. गुडघा थोडा वाकवून वाटी खोबणीत कशी बसली आहे हे दाखवणारा तिसरा एक्स-रे हवा. तो मागायचा राहून जातो, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. एमआरआयमध्ये मात्र घडलेली गोष्ट लपत नाही. वाटी बाहेरून परतताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकावर आपटते, म्हणून या दोन जागी, आणि नेमक्या या दोनच जागी, हाडाला मुका मार लागलेला दिसतो. कोणी पाहिले असो वा नसो, हा ठसा वाटी निसटून परतल्याचे सांगतो. त्याच आपटण्यात कधी कूर्चेचा, किंवा कूर्चेसह हाडाचा, एक टवका उडून सांध्यात मोकळा फिरू लागतो. त्यात हाडाचा भाग थोडा असला तर एक्स-रेत तो दिसतही नाही. गुडघ्यातून सुईने काढलेल्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगताना दिसले तर हाड मोडल्याचा संशय बळावतो.

गावांत अजून हाडवैद आहेत आणि त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलणे मला रुचत नाही. बाहेर अडकून राहिलेली वाटी जागेवर आणण्याची रीत पुस्तकात दिली आहे तीच आहे: रुग्णाला आधार देऊन मांडी पोटाकडे थोडी वाकवायची म्हणजे पुढचा स्नायू सैल पडतो, मग पाय सावकाश सरळ करत न्यायचा आणि वाटीला बाहेरच्या कडेवरून आत हलका आधार द्यायचा. हिसका द्यायचा नाही, आणि शिकलेल्या माणसानेच हे करायचे. काही जाणत्या हाडवैदांच्या हातात ही समज असते. पण वाटी बसली म्हणजे उपचार झाला असे मानून दुसऱ्या दिवसापासून गरम तेलाने गुडघा चोळायचा, ही पुढची रीत हानिकारक आहे. रक्त साठलेला सांधा चोळल्याने अधिक सुजतो. आणि सांध्यात हरवलेला टवका कोणत्याही बोटांना लागत नाही.

हीच दुखापत एकाला होते आणि त्याच चिखलात खेळणाऱ्या दुसऱ्याला का होत नाही, याचे बरेचसे उत्तर फ्रान्समधील ल्यों शहरातले अस्थिशल्यविशारद आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. 1994 साली त्यांनी एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांच्या आधारे चार कारणे मांडली: खोबण जन्मतःच उथळ किंवा सपाट असणे, वाटी नेहमीपेक्षा उंचावर असणे, वाटी तिरकी असणे, आणि वाटीखालची कंडरा नडगीवर जिथे रुजते ती जागा खोबणीच्या रेषेपासून 20 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बाहेर असणे. यांत उथळ खोबण सर्वांत महत्त्वाची, आणि व्यायामाने ती खोल होत नाही. त्यात सांधे उपजतच लवचीक असण्याची भर पडते. अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवून दाखवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ती कौतुकाने करून दाखवतात, आणि मी ते माझ्या नोंदवहीत लिहून घेते.

आकडेवारी मुलांच्या बाजूने नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदा वाटी निसटण्याचे वार्षिक प्रमाण लाखामागे सुमारे 6 होते, पण 10 ते 17 या वयोगटात ते 29पर्यंत गेले. त्याच अभ्यासात, पहिल्यांदाच वाटी निसटलेल्यांपैकी 17 टक्क्यांना पुढच्या दोन ते पाच वर्षांत ती पुन्हा निसटली; ज्यांना आधीपासून हा त्रास होता त्यांच्यात मात्र हेच प्रमाण 49 टक्के निघाले. पहिली खेप आणि दुसरी खेप यांच्यात एवढे अंतर असताना पहिलीला ‘मुरगळले असेल’ म्हणून बर्फ लावून घरी पाठवणे किती महाग पडते, हे मी पालकांना याच आकड्यांवरून सांगते. ज्यांची वाटी वारंवार निसटते त्यांना पुढे मैदानाचीही गरज उरत नाही. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारसायकलवरून उतरताना एका पायावर जरा जास्त वळले, अंथरुणात कूस बदलली, देवळाच्या पायरीवर कोणी हाक मारली म्हणून मान आणि धड मागे फिरवले, एवढे निमित्त पुरते.

पहिल्या खेपेस, टवका उडालेला नसेल तर, बहुतेकांवर शस्त्रक्रिया न करताच उपचार सुरू होतात. पूर्वी मांडीपासून घोट्यापर्यंत सहा आठवडे प्लास्टर घालण्याची पद्धत होती आणि काही कुटुंबांना अजूनही तेच खरे उपचार वाटतात, कारण प्लास्टर दिसते. पण सुजलेला सांधा मुळातच मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडू देत नाही, त्यात तो इतके दिवस जखडून ठेवला की मांडी डोळ्यांदेखत वाळते आणि जिच्यावर वाटीची सर्व भिस्त आहे तीच ताकद निघून जाते. म्हणून आता पट्टा किंवा ब्रेस थोड्याच काळापुरता, वेदना उतरेपर्यंत, आणि कुबड्यांचा आधार घेत भार लवकर टाकायला लावणे, असा कल आहे. मांडी आवळून धरणे, सरळ पाय उचलणे, मग पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे, असा व्यायाम वाढत जातो. वाटीच्या आतल्या बाजूच्या एकाच स्नायूला वेगळे काढून बळकट करता येते, या समजुतीवर माझा विश्वास राहिलेला नाही. त्याहून अधिक लक्ष मी नितंबांच्या स्नायूंकडे देते, कारण पायरी उतरताना गुडघा आत कोसळतो तो बहुधा वरून, कमरेपासून. गुडघ्याला त्यात फारसे काही ठरवता येत नाही. हे काम कंटाळवाणे असते. आठवड्यांमागून आठवडे तेच करायचे, तेही दहावीच्या शिकवण्या आणि बसच्या वेळा सांभाळून. औषधाची चिठ्ठी मिळाली नाही म्हणून नाराज झालेले पालक मी पाहिले आहेत.

शस्त्रक्रियेचा प्रश्न दोन वेळा समोर येतो. सांध्यात मोठा टवका पडला असेल तर पहिल्याच खेपेस: तो लवकर काढावा, किंवा जमल्यास जागेवर परत बसवावा लागतो. वाटी वारंवार निसटू लागली तर फाटलेल्या बंधाच्या जागी मांडीच्या मागची एक कंडरा घेऊन नवा बंध उभारतात. तो बंध मांडीच्या हाडावर नेमक्या बिंदूवर रोवला पाहिजे. जागा चुकली किंवा तो फार घट्ट बसवला तर वाटी आतल्या बाजूला दाबली जाते आणि गुडघा वाकवताना दुखत राहतो. ज्यांची कंडरेची रेषा फार बाहेर आहे त्यांच्या नडगीचा उंचवटा कापून आत सरकवतात, आणि फारच सपाट खोबण असलेल्या मोजक्या रुग्णांत खोबणच खोल करतात. फक्त बाहेरची बाजू सैल करण्याची एक सोपी शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ती एकटी पुरत नाही हे आता मान्य झाले आहे. वाढत्या वयाच्या मुलांत अडचण वेगळी असते. हाड जिथून लांबीने वाढते ती वाढपट्टी नव्या बंधाच्या जागेला अगदी खेटून असते, आणि नडगीचा उंचवटा तर वाढ पूर्ण होईपर्यंत हलवायचाच नसतो. उथळ खोबण असलेल्या लहान मुलावर पहिल्याच खेपेस शस्त्रक्रिया करावी का, याबद्दल शल्यविशारदांत एकमत नाही. मी अशा मुलांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गुडघ्याचेच काम करणाऱ्या एखाद्या शल्यविशारदाकडे लवकर पाठवते, निर्णय काहीही होवो.

‘पुन्हा कधी खेळणार’ हा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी येतो. एका फुटबॉलवेड्या मुलाने मला मोबाइलवर पॅट्रिक माहोम्स दाखवला होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या या खेळाडूची वाटी ऑक्टोबर 2019मध्ये भर सामन्यात निसटली, मैदानावरच बसवली गेली, आणि केवळ दोन सामने चुकवून तो परतला. त्या हंगामाचे अजिंक्यपदही त्याच्या संघाने जिंकले. मुलाचे म्हणणे होते की मग मला एवढे महिने का. माहोम्सच्या तपासणीत फारशी इतर इजा आढळली नव्हती, त्याच्या दिमतीला अख्खा वैद्यकीय चमू होता, आणि तो वाढ संपलेला प्रौढ खेळाडू होता, हे मी सांगितले. ते त्याला पटले असे मला वाटले नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या शाळकरी खेळाडूला साधारण तीन ते चार महिने, आणि नवा बंध उभारल्यावर सहा ते नऊ महिने लागतात. पण मी कॅलेंडर पाहून परवानगी देत नाही. सूज पूर्ण गेलेली हवी, गुडघा पूर्ण वाकायला हवा, दुखावलेल्या मांडीची ताकद दुसरीच्या किमान 90 टक्के हवी, आणि एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत झुकता कामा नये. हे सर्व जमले तरी काही मुले वळताना क्षणभर थबकतात. शिक्षकांना तो आळस किंवा नाटक वाटते. मला ते अजून तयारी अपुरी असल्याचे लक्षण वाटते, आणि बहुतेक वेळा त्या थबकण्याच्या जागी पुन्हा तपासले की कमरेची ताकद किंवा तोल कुठेतरी कमी पडत असल्याचे सापडते.

डिचोलीच्या त्या मुलीच्या शाळेला म्हणूनच मी तारीख लिहून दिली नाही, क्रम लिहून दिला. खो-खोत पाटीवर उकिडवे बसणाऱ्याचा गुडघा खोल वाकलेला असतो आणि वाटी खोबणीत सुरक्षित असते, तेव्हा आधी बसणे आणि खो मिळताच सरळ रेषेत उठून धावणे. ते निर्धास्तपणे जमले की साखळीने पळणे. खांबाचे वळण सर्वांत शेवटी, आणि त्यातही आधी डावीकडचे, कारण त्यात भार तिच्या चांगल्या उजव्या पायावर येतो. डावे पाऊल रोवून उजवीकडे वळण्याची पाळी त्यानंतर, आणि तीही तिने स्वतः मागितली तरच.